पुलाखाली न उतरता

कालव्यावरच्या पादचारी पुलाचे गर्डर माझ्या सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये तयार झाले होते. पोलाद खास होतं. रंग लावायचा नाही. भिजू द्यायचं, वाळू द्यायचं, म्हणजे वर घट्ट बसलेला गंजच आतल्या पोलादाला राखतो. कुणी म्हणालं, "अहो, पूल गंजला की तुमचा!" तर बाबा हसून म्हणत, "अंगरखा आहे तो. आणि लक्ष ठेवायला आमची सूनबाई आहे."

दर सहा महिन्यांनी त्या पुलाची तपासणी करणं हे आमच्या ऑफिसात माझंच काम. गर्डर काठच्या भिंतीवर टेकतात तिथे शिडीने उतरून चिखलात रांगावं लागे. एकदा कंबर धरली होती, म्हणून वरूनच डोकावले आणि फॉर्मवर 'ठीक' लिहिलं. पुढचे पाच फॉर्म कंबर धडधाकट असताना तसेच भरले.

एका सकाळी बाबांचा फोन आला. "पुलाखाली ये जरा."

बहात्तराव्या वर्षी ते चिखलात उकिडवे बसले होते. पावसाचं पाणी काढून देणारा वरचा पाइप निखळून पाणी गर्डरच्या टोकावर ठिबकत होतं आणि कुजलेला पाला त्याला चिकटून बसला होता. बाबांनी पाला उकरला, तर पोलादाचे पापुद्रे हातात आले. ते त्यांनी रुमालावर मांडले.

"इथली ओल हटलीच नाही गं. वाळायला मिळालं नाही की हे साध्या लोखंडासारखंच सडतं. माझंच चुकलं. पाइप टोकापासून लांब न्यायला हवा होता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या तपासणीनंतरच झालं असणार हे सगळं?"

"हो," मी म्हणाले. "तसंच असेल."

त्यांनी लगेच मान डोलावली.

संध्याकाळी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. त्यांचा हात थरथरतो. 'दोष सर्वस्वी माझा आहे,' असं ते ऑफिसला कळवायला सांगत होते. दोन ओळी लिहिल्या आणि माझं पेन पुढे सरकेना.

"बाबा, मी खाली उतरलेच नव्हते."

"केव्हापासून?"

"तीन वर्षं."

वेल्डिंग वाकडं गेलं की अख्खं वर्कशॉप डोक्यावर घेणारा हा माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग पत्र तुझं तूच लिही," म्हणाले आणि खोलीत गेले.

मी लिहिलं. पूल दीड महिना बंद राहिला. मला मेमो मिळाला आणि तपासणीचं काम काढून घेतलं. बाबा जेवायला शेजारी बसत, वाटी पुढे सरकवत, पण बोलत नसत.

दुसऱ्याच आठवड्यात सडलेला भाग कापून नवी प्लेट जोडायची होती, त्या दिवशी मी रजा काढून गेले. बाबा आधीच खाली होते. या पोलादाला साधा रॉड चालत नाही, हे वेल्डरला बजावत होते. कोपऱ्यात अंधार होता, म्हणून मी दिवा धरला.

"जरा वर धर," बाबा म्हणाले.

अकरा दिवसांनी ते माझ्याशी बोलले होते. मला तेवढंच पुरलं, आणि पुरलं म्हणून पुन्हा लाज वाटली. दंड भरून आला तरी मी हात खाली घेतला नाही.