जसंच्या तसं

“सांग त्या कानडी अप्पाला, जमीन समदी मुरमाड हाय. कुदळ मारली तर ठिणगी उडंल,” आबाराव माईकवर म्हणाले. मग माईकवर पंजा धरून ते हळूच पुढं बोलले, “वढ्याकाठच्या चिबडाचं बोलू नगंस. गेल्या साली पूल वाहून गेला, त्ये तर मुळीच नगं.”

महांतप्पा उठला. सोसायटीचा सेक्रेटरी, पन्नाशीला टेकलेला, पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. त्यानं दुसरा माईक हातात घेतला आणि रेल्वेच्या साहेबाकडं बघून स्वच्छ कानडीत सांगितलं, “चेअरमन म्हणतात, जमीन सगळी मुरमाड आहे. आणि मला हळूच म्हणतात, ओढ्याकाठच्या पाणी साचणाऱ्या चिबड रानाचं सांगू नकोस आणि गेल्या वर्षी पूल वाहून गेला तेही सांगू नकोस.”

साहेबानं नकाशावरून मान वर केली.

नागरहाळच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला होता. चार-पाचशे माणसं बसली होती आणि त्यातल्या निम्म्यांना कानडी येत होतं. लिंगायतांची आळीच्या आळी तिथं बसली होती. त्यांच्यात एक चुळबूळ उठली आणि जागच्या जागी विरली. कुणी हूं की चूं केलं नाही. आबारावांना वाटलं, मुरमाचा मुद्दा लोकांना पटला. ते मिशीवर हात फिरवून खाली बसले.

साल होतं ब्याऐंशीचं आणि सभा होती रेल्वेची. सोलापुराहून तुळजापूरवरून थेट बिदरकडं एक नवी लाईन टाकायची, तिच्यावरून ताशी शंभर मैलांनी गाडी पळवायची, असं सरकारच्या डोक्यात आलं होतं. गावानं त्या गाडीचं नाव ‘सुसाट’ ठेवूनही टाकलं होतं. अजून रूळ नाही, खडी नाही, पण नाव ठेवायला आपल्या लोकांना काय लागतं? लाईन दोन वाटांनी जाऊ शकत होती. एक वरच्या अंगानं नागरहाळवरून, एक खालच्या गावावरून. मधे स्टेशन मिळणार एकच. ते आपल्या होऊ घातलेल्या साखर कारखान्याच्या बांधाला लागून व्हावं म्हणून आबारावांनी गेली दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. त्यांच्यापुढं आता दुसरा विषयच नव्हता. कारखान्याचा परवाना त्या स्टेशनावर अडला होता आणि कारखाना झाला तर आमदारकी लांब नव्हती.

अडचण एवढीच होती की मोजणीचा मोठा साहेब म्हैसूरकडचा निघाला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी अडखळत यायचं. आबारावांची हिंदी निजामाच्या राज्यात शिकलेली, ती शिव्यांपुरतीच चांगली होती. आणि कानडी? जन्म परंड्याकडचा, इथल्या पाटलाला दत्तक आलेले. चाळीस वर्षं ह्या गावात काढली, पण कानडी ही गड्यामाणसांची भाषा म्हणून त्यांनी तिला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्यासाठी महांतप्पा होता. आळंदचा व्यापारी येवो की गुलबर्ग्याचा दलाल, आबाराव तोंडाला येईल ते बोलायचे आणि महांतप्पा त्याला पदरचं तूप लावून पुढं सरकवायचा. “त्या भाड्याला सांग” याचं कानडीत “आपल्याला विनंती आहे” असं व्हायचं. दहा वर्षांत आबारावांचं कुणाशी वाकडं आलं नाही, ते ह्या माणसाच्या जिभेमुळं. आबाराव मात्र समजायचे, आपला दराराच तसा.

आज त्यानं तूप घातलं नाही, एवढंच.

हे त्यानं अचानक ठरवलं नव्हतं. साहेबाला मराठी येत नाही हे पंधरा दिवसांपूर्वी कळलं, तेव्हा सोसायटीच्या खुर्चीवर बसल्या बसल्या त्याच्या अंगावर काटा आला होता. देवीनं ताटात वाढून दिलं, असं त्याला वाटलं. पंधरा दिवस तो मनातल्या मनात हसत होता. आबारावांना ‘व्हय जी, व्हय जी’ म्हणत होता आणि आत म्हणत होता, बोल, किती बोलायचं ते बोल. तुझ्याच तोंडानं तुझं वाटोळं करतो.

कारण होतं शिवप्पा. त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

बाहत्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या गोदामात सरकारचा मिलो आला होता, ती तांबडी अमेरिकन ज्वारी. शिवप्पा त्या गोदामाचा राखणदार. एक दिवस पोती कमी भरली आणि मामलेदार चौकशीला आला. शिवप्पा मामाच्या घरी आळंदकडं वाढलेला, त्याला मराठीचा गंध नव्हता. तो कानडीत म्हणाला, “भर दुपारी चेअरमनची बैलगाडी आली. किल्ली चेअरमननं दिली. मी फक्त पोती चढवायला हात लावला.” मामलेदारानं महांतप्पाकडं बघितलं. आबारावांनीही बघितलं, एकदाच. महांतप्पाला सेक्रेटरी होऊन आठ महिने झाले होते. दुष्काळात नोकरी म्हणजे काय, हे दुष्काळ बघितलेल्यालाच विचारावं. तो मराठीत म्हणाला, “चूक झाली म्हणतोय, साहेब. पोटापायी केलं म्हणतोय.”

शिवप्पाला सहा महिने झाले. धाराशिवच्या तुरुंगातून तो खोकला घेऊन आला आणि चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला गेला. त्याच्या तिरडीला आबारावांनी खांदा दिला. त्या खांद्याकडं बघत महांतप्पानं तेव्हाच शपथ घेतली होती. आपण काय बोललो होतो ते त्यानं पोटात गाडून टाकलं आणि वर सगळा सूड रचला. आबारावांनी भाऊ खाल्ला, एवढंच तो स्वतःला सांगत राहिला.

सभा पुढं चालू झाली. धोंडप्पा म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, त्यानं कानडीतच विचारलं की ही गाडी इथं थांबेल का. साहेब म्हणाला, दिवसातून एकदा, तेही स्टेशन मिळालं तर. धोंडप्पा खुशीत म्हणाला, एकदा तर एकदा, बाजाराला सोलापूर गाठता येईल, पोरीला दवाखान्यात नेता येईल. आणखी दोघं-तिघं असंच बोलले. लोकांना गाडी हवी होती, हे खरंच होतं. महांतप्पाच्या मनाला ते जरा टोचलं. त्यानं ते झटकून टाकलं.

मग बौद्धवस्तीतली मालनबाई उभी राहिली. सरकारनं दिलेली दोन एकर गायरान ती आणि तिचा नवरा कसत होते आणि वरची लाईन नेमकी त्या दोन एकरांतून जात होती. ती पदर खोचून म्हणाली, “साहेब, शंभर मैलानं पळणारी गाडी आमच्यासाठी थांबणार न्हाय. आमचं रान घिऊन जाणार. मग आमी काय तिचा वारा खायचा?”

आबारावांनी पुन्हा माईकवर पंजा ठेवला. “तिचं सांगू नगंस. म्हण, बाई गाडीला पाठिंबा देती. ह्यांची रानं कागदावर कवाच खालसा करून ठिवलीत म्या. आन् अप्पाला दुपारी वाड्यावर घेऊन यी. कोंबडं कापलंय. दोन घोट पोटात गेलं की म्हशीवाणी मान हलवतंय बघ.”

महांतप्पानं आधी मालनबाईचं बोलणं सांगितलं. शब्दाला शब्द. मग म्हणाला, “चेअरमन मला सांगतात, हे सांगू नकोस, बाईचा पाठिंबा आहे असं सांग. यांच्या जमिनी कागदावर आधीच काढून घेतल्यात. आणि दुपारी आपल्याला वाड्यावर घेऊन यायला सांगितलंय. कोंबडं आणि दारू आहे. ती पोटात गेली की साहेब म्हशीसारखी मान हलवेल, असं त्यांचं म्हणणं आहे.”

लिंगायत आळीतल्या एका म्हाताऱ्यानं उपरणं तोंडात कोंबलं. पण उठून आबारावांच्या कानाला कुणी लागलं नाही. चाळीस वर्षं ‘गड्यांची भाषा’ ऐकून घेतलेली माणसं होती ती. मूग गिळून बसली.

साहेब बराच वेळ लिहीत होता. मग त्यानं नकाशाची गुंडाळी केली, मालनबाईला नमस्कार केला आणि महांतप्पाला कानडीत म्हणाला, वरच्या वाटेचा विषय संपला, मी खालच्या वाटेचं लिहितो. हार न घेताच तो जीपमधे बसला आणि जीप धूळ उडवत गेली.

“काय म्हणला?” आबारावांनी विचारलं.

“समदं समजलं म्हणले.”

आबाराव खूश झाले. साहेबासाठी आणलेला हार त्यांनी महांतप्पाच्याच गळ्यात घातला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, जेवायला न थांबणारा साहेब पहिल्यांदा बघितला, म्हणजे काम फत्ते. महांतप्पाला इथंच थांबता आलं असतं. पण ज्याच्यावर उगवला त्याला कळलाच नाही, तर तो सूड कसला? तो म्हणाला, “चेअरमन, आज म्या पदरचं कायबी घातलं न्हाय. तुमी जे जे बोलला, माईकवर हात धरून बोलला त्ये बी, समदं जसंच्या तसं सांगितलं. चिबडाचं, पुलाचं, कोंबड्याचं, म्हशीचं. लाईन खालच्या गावाला गेली.”

आता मांडवात हसू फुटलं. दहा वर्षं दाबून ठेवलेलं हसू ते, खदाखदा आलं. आबारावांचा चेहरा आधी कोरा झाला, मग काळा ठिक्कर पडला. महांतप्पानं तो चेहरा डोळे भरून बघितला. ह्याच चेहऱ्यासाठी तो जगला होता.

“का?” आबारावांना एवढंच बोलता आलं.

“शिवप्पासाठी.”

“कोण शिवप्पा?”

महांतप्पाला वाटलं, सोंग करतायत. पण नाही. आबाराव खरंच आठवत होते. कपाळाला आठ्या घालून, गर्दीकडं बघून, शेवटी त्यांना सापडलं.

“तो मिलोचा? तुझा भाऊ?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट त्यात खरोखरचं नवल होतं. “अरं, पर मामलेदाराला तूच सांगितलंस की, चूक झाली म्हणतोय म्हणून. म्या कुठं तोंड उघडलं? म्या तर घाबरलो हुतो त्या दिवशी. आता हे सेक्रेटरी काय सांगतंय, म्हणून.”

हसणं थांबलं होतं. मिलोची चौकशी बघितलेले चार-सहाजण तरी मांडवात होते. महांतप्पानं हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि तो घराकडं निघाला. मागून कुणीतरी हाक मारली, पण त्यानं वळून बघितलं नाही.

घरात तिघंच. बायको जाऊन त्याला पाच वर्षं झाली होती. म्हातारी आई गंगम्मा, शिवप्पाची विधवा शांताक्का आणि तो. शांताक्का थोरल्या दिराशी बोलत नसे, तशी रीतच होती. काय असेल ते सासूला सांगायची, आणि गंगम्मा भिंतीला टेकून तेच पुन्हा म्हणायची, “पाणी ठेवलंय म्हणते.” “तेल संपलंय म्हणते.” घरात बोलणं सगळं कानडीत.

तो ताटावर बसला. सभेतली बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. आबारावांचं वाक्यसुद्धा पोचलं होतं, हे त्याला शांताक्काच्या हाताकडं बघून कळलं. भाकरी वाढताना तो हात थांबला होता.

“शांता,” तो खालमानेनं म्हणाला, “त्या दिवशी शिवप्पा काय बोलला, ते मी मामलेदाराला सांगितलं नाही.”

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. मग पदर डोक्यावर घट्ट करून, सासूकडं न बघता, पहिल्यांदाच सरळ त्याला म्हणाली, “काय बोलले होते ते? सांगा. जसंच्या तसं.”

सभेत चारशे माणसांपुढं न अडखळलेली जीभ आता जड झाली. पण त्यानं सांगितलं. बैलगाडी, किल्ली, पोती चढवायला लावलेला हात. तीनच वाक्यं होती. ती म्हणायला त्याला दहा वर्षं लागली.

“मला ठाऊक होतं,” शांताक्का म्हणाली. “ते सहा महिन्यांत तुरुंगात मराठी शिकून आले. तुम्ही म्हणालात ते त्यांच्या कानात होतंच, आत गेल्यावर त्याचा अर्थ कळला. मला म्हणाले, दादाला विचारू नकोस. त्याची नोकरी राहिली तर तुला भाकरी मिळेल.” तिनं लाकूड पुन्हा आत सारलं. “मी विचारलं नाही. पण रोज वाढताना मनात म्हणायची, आज सांगतील, आज सांगतील. आठ वर्षं मी तुम्हाला तेवढ्यासाठी जेवायला घातलं.”

महांतप्पा ताटाकडं बघत राहिला. आबाराव आता नोकरी ठेवणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. ते तिलाही माहीत असणार. भाकरीला हात लावायचं धाडस त्याला होईना.

शांताक्कानं तोंड चुलीकडं फिरवलं आणि सासूला काहीतरी हळू सांगितलं.

“गार होतंय म्हणते,” गंगम्मा म्हणाली.

त्यानं भाकरी मोडली.