हिरवा चौकोन

रसूलने गाडीच्या मागच्या काचेखाली खांदा लावला, एक पाय भिंतीला टेकवला आणि श्वास धरून रेटा दिला. गाडी हलली नाही. त्याने खांदा बदलला, बिस्मिल्ला म्हणून पुन्हा जोर लावला. पांढरी, उंच, बॉनेटवरचं पूजेचं कुंकूसुद्धा अजून न पुसलेली ती नवी गाडी होती तिथंच उभी राहिली.

"मामू, नगा ढकलू," मागून शगुफ्ता म्हणाली. "बंद केली की आपोआप लॉक हुती ती. चाकच अडकतं."

"अशी कशी अडकंल? ग्येर काढला आसंल की त्यांनी. माझ्या हितं समदे काढून जात्यात."

"हिला तसला ग्येरच न्हाय, मामू."

रसूलने ते ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं आणि तिसऱ्यांदा खांदा लावला.

बासष्टाव्या वर्षी असलं काही ऐकून घेणं जडच जातं. बारामतीच्या बाजाराशेजारचा तो सार्वजनिक वाहनतळ तीस वर्षं रसूलच्या खांद्यावर चालला होता, आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हे. जागा साठ गाड्यांची, पण गुरुवारी बाजारच्या दिवशी आत नव्वद तरी असायच्या. येणाऱ्या प्रत्येकाला रसूल एकच सांगायचा, "हँडब्रेक लावू नका, ग्येरातनं काढून ठिवा." मालक बाजाराला जायचा आणि गाडी दिवसभर रसूलच्या रेट्यानं इकडची तिकडं व्हायची. कोणती हलकी, कोणती हट्टी, कुणाचं मागचं चाक धरतं, हे मालकाला नसेल एवढं त्याला ठाऊक असे. आजवर एकाही गाडीनं त्याला नाही म्हटलं नव्हतं. आजच म्हटलं, आणि आज फाटकापाशी, भर उन्हात, विजेवरच्या रिक्षेत त्याची थोरली बहीण बसली होती.

मेहबूबबी आपा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. रसूल चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा आपा सोळाच्या. भावाला हाताशी आणल्याशिवाय सासरी जाणार नाही म्हणून त्या हटून बसल्या आणि गावानं नावं ठेवली तरी पुढं सहा वर्षांनी बावड्याला नांदायला गेल्या. रसूल त्यांना आपा म्हणे, पण हाक मारताना डोळ्यांपुढं आईच असे. आपांच्या मांडीवर आता फडक्यात बांधलेली चिनीमातीची बरणी होती. बरणीत मीठ होतं.

नव्या घरात पहिलं मीठ थोरल्या बहिणीनं आपल्या हातानं ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. रसूलनं गेल्या वर्षी दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, पण आपांच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवेना. म्हणून ते मीठ राहून गेलं होतं. रसूलची बायको फरहत हिनं ओट्यावरचा एक कोपरा वर्षभर मोकळा ठेवला होता आणि मीठ पुड्यातूनच वापरत होती. रसूल दर महिन्याला म्हणायचा, गाडी करून आपाला आणतो. दर महिन्याला काहीतरी निघायचं.

शेवटी आपांनीच वाट काढली. त्यांची सून शगुफ्ता हिनं शाळेच्या मुलींची ने-आण करायला विजेवरची रिक्षा घेतली होती. तिची पायरी बुटकी. बावड्याहून कळंबवरून बारामती साठेक किलोमीटर. तेवढी ती येत होती, पण परतायचं तर बारामतीत चार्जिंग करणं भाग होतं.

"तुज्या तळावर ती चार्जिंगची जागा झालीया म्हनं?" आपांनी सोमवारी फोनवर विचारलं होतं.

"झाली की. नियमच हाय आता तसा. खास हिरवी जागा हाय."

"मग येते गुरवारी. रिक्षा तीन तास तुज्या तळावर ऱ्हाईल, मी तुज्या घरी."

त्या हिरव्या जागेची गोष्ट अशी. सार्वजनिक वाहनतळात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची जागा राखलीच पाहिजे, असा नियम वरून आला, तेव्हा चार माणसं येऊन दोन हिरवे चौकोन रंगवून गेली. विजेचा खांब चिंचेखाली, म्हणून चौकोनही चिंचेखाली. साऱ्या तळावर सावली काय ती तेवढीच. एका चौकोनापुढचा चार्जिंगचा बोर्ड चालू झाला; दुसऱ्याची वायर अजून यायची होती आणि तिच्यासाठी खणलेला खड्डा तसाच होता. महिनोन्‌महिने विजेची गाडी एखाददुसरीच फिरकली. चौकोनात कुत्री झोपायची. "पुण्या-मुंबईच्या लोकांची थेरं," असं रसूल चहावाल्याला सांगायचा.

त्याला वाईट वाटायचं ते विजयसिंहरावांचं. कळंबचे हे बागायतदार वीस वर्षं दर गुरुवारी त्याच चिंचेखाली गाडी लावायचे आणि उतरल्यावर रसूलच्या पोराबाळांची चौकशी केल्याशिवाय बाजारात पाऊल टाकायचे नाहीत. ते गेले. आता त्यांचा मुलगा दिग्विजय यायचा. आज सकाळी तो नवी गाडी घेऊन आला, हिरवा रंग बघून थांबला आणि म्हणाला, "रसूलभाई, हितं आता लावता येत नाही ना? मी बाहेर लावतो."

त्यानं आपणहून विचारलं होतं. ते आठवलं की रसूलला पुढं कितीतरी दिवस अन्न गोड लागत नसे. कारण रसूलनंच हात करून त्याला आत घेतलं होतं.

"तुमाला कसला नियम, धाकलं मालक? तुमच्या आबांची जागा हाय ती. लावा बिनघोर. कोन आलंच तर दोन मिन्टात ढकलतो."

आपा येणार हे त्याला माहीत होतं. विसरला नव्हता. ढकलता येईल याची त्याला एवढी खात्री होती, की त्यात विसरण्यासारखं किंवा लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रसूलनं दिग्विजयचा नंबर लावला. बंद काचेआड, ड्रायव्हरच्या सीटवर, फोन वाजायला लागला. शगुफ्ता आणि तो, दोघं काचेला डोळे लावून त्या उजळलेल्या फोनकडं बघत राहिले. वाजून वाजून तो थांबला.

"कुठं गेल्यात ते?"

"साखरपुडा हाय म्हनलं हुतं."

"कुठल्या कार्यालयात?"

ते रसूलनं विचारलं नव्हतं. लग्नसराईत बारामतीत कार्यालयं काय थोडी होती?

तो आपांपाशी गेला. उन्हानं त्यांचा चेहरा तांबूस झाला होता. त्यांनी पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"किती जोर लावतोस रं. हर्निया हुईल."

"आपा, येतीलच ते. पाच मिन्टं. तवर दुसऱ्या रिक्षेनं तुला घरी सोडू का?"

"आन्‌ हिला एकटीला हितं उनात ठिवू? तिनं आनलं मला. सोबतच जाऊ. बसते की. तू तुजा धंदा बघ."

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. रसूल आत-बाहेर करत होता, गाड्या घेत होता, चिठ्ठ्या फाडत होता आणि दर खेपेला "आता येतील" म्हणत होता. शगुफ्तानं दोनदा सांगून पाहिलं, की एमआयडीसीच्या बाजूला एका पंपावर चार्जिंग आहे, आत्ताच गेलो तर वेळेत होईल. रसूलला ते पटत नव्हतं. आपली सख्खी बहीण आपल्या तळावर येते आणि तिला पंपावर धाडायचं? त्यानं एका ट्रॅक्टरवाल्याला गळ घातली, की दोरी बांधून ओढ. ट्रॅक्टरवाला गाडीची किंमत ऐकून निघून गेला. एक वाजला. फरहत घरून डबा घेऊन आली. सकाळपासून तिनं केलेली बिर्याणी आपांनी रिक्षेत बसूनच दोन घास खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाल्या.

दोन वाजता शगुफ्ता म्हणाली, "मामू, आता निगावंच लागंल. पंपावर तीन तास जातील. अंधारात मला एवढ्या लांब चालवायचा सराव न्हाय, आन्‌ सकाळी सातला पोरी वाट बघत्यात."

तिला पंपावर एकटी सोडायला आपा तयार नव्हत्या. रसूलनं बरणीकडं हात केला.

"आपा, ती तरी दे. फरहत न्हेऊन ठिवंल."

आपांनी बरणी जवळ ओढली.

"हितं रस्त्यावर देत्यात व्हय मीठ? मी माझ्या हातानं ठिवीन. पुढच्या खेपेला येते. आता वाट माहीत झालीया."

"माझं चुकलं, आपा."

"काय चुकलं? तुजं गिऱ्हाईक हाय ते. त्येला काय बोलू नगंस."

रिक्षा आवाज न करता निघाली. रसूलला पंपावर जाता आलं नाही; बाजारचा दिवस, सगळ्या गाड्या त्याच्या खांद्याची वाट बघत उभ्या. चारला दिग्विजय आला, सगळं ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अरे, मग मला बाहेर लावू दिली असती तर!"

तो खरंच कळवळून बोलला. त्यानं गाडी काढली आणि चिंचेच्या सावलीत हिरवा चौकोन रिकामा झाला.

दुसऱ्या दिवसापासून रसूलनं स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची त्या चौकोनात मांडली. जो येईल त्याला एकच उत्तर. नगरसेवकाचा पाहुणा भांडला, तरी रसूल खुर्चीवरून उठला नाही. दिग्विजय आपणहूनच रस्त्यापलीकडं लावू लागला. लोक हसायचे, की म्हाताऱ्याला सावली सापडलीय. वरातीमागून घोडं, हे रसूललाही कळत होतं, पण आपा कधी येतील याचा नेम नव्हता आणि या खेपेला जागा अडलेली त्याला चालणार नव्हती.

आपा आल्या नाहीत. दोन महिन्यांनी त्या न्हाणीत पडल्या. डोक्याला मार बसला, खुब्याचं हाड मोडलं. हाड पुढं जुळलं; पण चालणं गेलं आणि बोलण्याचा धागा तुटत गेला. रसूल दर शुक्रवारी एसटीनं बावड्याला जाऊ लागला. आधी जे वर्षभर जमलं नव्हतं ते आता बिनबोभाट जमत होतं.

पहिल्या शुक्रवारी आपांनी त्याला ओळखलं. खाटेवरून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जागा झाली का रं?"

रसूलला आधी उमगलं नाही. उशाशी, फडक्यात बांधलेली बरणी होती. तिच्यावर आपांचा हात होता. मग त्याला कळलं, की बहीण अजून त्या फाटकापाशीच बसली आहे, उन्हात.

"झाली आपा," तो म्हणाला. "रिकामी हाय. कुनाला लावू देत न्हाय मी."

"मग चल की," आपा म्हणाल्या आणि अंगावरची चादर फेकून बरणी छातीशी धरून उठायला लागल्या. मोडलेल्या खुब्यातून कळ आली, त्या किंचाळल्या, पण थांबेनात. "सोड मला. जागा झालीया. फरहत वाट बघती." शगुफ्तानं आणि रसूलनं मिळून त्यांना धरलं. मोसंबीच्या सालीएवढं पातळ झालेलं ते अंग, पण त्यात कुठून जोर आला कोण जाणे. थकून झोप लागेपर्यंत त्या रडत होत्या.

शगुफ्ता दारापर्यंत सोडायला आली. "रोज इचारत्यात, मामू," ती म्हणाली. "मी सांगते, अजून न्हाय झाली. मग गप पडत्यात."

दुसऱ्या शुक्रवारी रसूल खाटेच्या कडेला बसला. सकाळी निघताना चौकोनात खुर्ची आडवी टाकून, चहावाल्याला राखण सांगून आला होता. आपांनी डोळे उघडले.

"रसूल, जागा झाली का रं?"

त्यानं त्यांचा हात हातात घेतला. तो हात सोडवून त्यांनी पुन्हा बरणीवर ठेवला आणि वाट पाहत राहिल्या.

"न्हाय, आपा," रसूल म्हणाला. "हाय अजून गाडी उबी."

"असू दे," आपा म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक उचललं आणि त्याचं कोरडं कपाळ पुसलं. "ढकलू नगंस. थांबू की थोडं."