दारू कुणाच्या नावावर

विश्वेश्वरने आज कहरच केला. सिरसाळ्यात व्यसनाच्या तपासणीची जीप आली, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर मांडला गेला, तर हा तोंडाला दारूचा भपका घेऊन त्याच्यापुढे बसला आणि एकेका प्रश्नाला 'न्हाई, न्हाई' करत उठला. शिवाय आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांना सांगत होता, "मशीन बोललीय. मला कसलाच धोका न्हाई."

"मशीनीला नाक न्हाई म्हणून," त्याची आई उमाबाई म्हणाल्या.

आत सून प्रणिता डाव्या हाताने साखर जोखत होती. उजव्या मनगटाला फडकं. मोरीत घसरले, असं ती विचारणाऱ्याला सांगे. उमाबाईंनी रात्री सगळं ऐकलं होतं. त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि तरातरा ग्रामपंचायत गाठली.

कॉम्प्युटरवरचा पोरगा प्रश्न मोठ्याने वाचून बटणं दाबत होता. "आजी, तंबाखू? मिश्री?"

"ते सोड. दारूचं विचार."

"दारू पिता?"

"रोज."

रांगेतली माणसं खिदळली. आप्पाराव म्हणाले, "उमाबाई, कवापासून?"

"तुमच्या वरातीपासून. तिथं शुद्धीत कोण होतं?"

पोरगा हसू दाबत पुढचा प्रश्न वाचू लागला. "पिऊन घरात कुणाला इजा केली?"

"सुनेचं मनगट मोडलं."

हसणं थांबलं. पोराने बटणावरचं बोट उचललं. "आजी, इथं ज्याचं त्यानंच सांगायचं असतं."

"शिरगणतीला साऱ्या घराचं मीच सांगते. ज्याचं त्यानं सांगून बघितलं की सकाळी. दाब."

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. जास्त धोका. सोमवारी अंबाजोगाईला डॉक्टरांकडे.

"पण नाव तुमचं लागलंय, आजी."

"लागू दे."

त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. विश्वेश्वर पायरीवरून उठला. "माय, साऱ्या गावात दारुडी म्हणून घेतलंस. कावून?"

उमाबाईंनी सुनेच्या हातातून तराजू घेतला, गिऱ्हाइकाची साखर पुरी करून दिली आणि मगच त्याच्याकडे पाहिलं.

"सोमवारी मी जाणार हाय अंबाजोगाईला, दारुडी म्हणूनच. लाज वाटली तर संगं ये. पण हिच्या अंगाला परत हात लागला, इश्वेश्वर, तर या घरात दारुडी राहील, लेक राहणार न्हाई."