दर्दी पिल्लं

राहात्यात गनीभाईंचा डीजे सुरू झाला की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळायची. दोन पांढरी पिल्लं मात्र स्पीकरला टेकून ढाराढूर झोपली होती. गनीभाईंचा ऊर भरून आला. "दर्दी आहेत! दोन्ही पाळायची," असं जाहीर करून त्यांनी ती घरी आणली.

त्यांच्या बायकोने, सुरय्याने, पिल्लांच्या मागे थाळी बडवून पाहिली. पिल्लं ढिम्म. तिने नवऱ्यासकट त्यांना रिक्षात कोंबलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही ठार बहिरी आहेत. एकच ठेवा. दोन एकदम पाळलीत तर एकमेकांच्याच नादात राहतील, तुम्हाला भीक घालणार नाहीत. हाका मारून उपयोग नाही. जमिनीवर पाय आपटायचा, दिवा चालू-बंद करायचा, समोर जाऊन हातवारे करायचे."

सुरय्याला हसू आवरेना. वीस वर्षं डीजे वाजवून गनीभाईंचे कान कधीच गेले होते. त्यांच्या मते मात्र हल्ली लोकच पुटपुटायला लागले होते. बारा वर्षं ती त्यांना पाय आपटूनच जेवायला बोलवत होती.

"या डॉक्टरचा घसा बसलाय वाटतं," गनीभाई बाहेर आल्यावर म्हणाले.

घरी भाकरी झाल्यावर सुरय्याने सवयीने फरशीवर पाय आपटला. दोन्ही पिल्लांनी माना वळवल्या. गनीभाईंनीही वळवली.

"दोन्ही राहू देत," सुरय्या म्हणाली. "निदान ही तरी मला पुटपुटते म्हणणार नाहीत."