सरावाचा कालवा

ऑफिसात आल्या दिवसापासून सगळ्यांनी तिला काकू करून टाकलं. तिचीही तक्रार नव्हती. लेक शिकून बाहेर पडली, घर रिकामं झालं, तेव्हा कुठे ती पुन्हा नोकरीला लागली होती. लग्नाआधी तिने कालव्यांचे नकाशे हातांनी काढले होते. कागद, पेन्सिल, तक्ते आणि कॅल्क्युलेटर घेऊन. आता टेबलावर एकही पेन्सिल नव्हती. होता तो एक भलामोठा स्क्रीन आणि शेजारी बसून तिला शिकवणारी चष्मिस. ही चष्मिस वयाने लेकीएवढी, पण सॉफ्टवेअरमध्ये पक्की मुरलेली.

"काकू, घाबरायचं काही नाही," चष्मिस म्हणाली. "तुम्ही हाताने करायचात तेच आहे. आधी वरून दिसेल तशी कालव्याची रेघ ओढायची. मग ठिकठिकाणी आडवे छेद द्यायचे. म्हणजे केक कापल्यावर आतून दिसतो ना, तसा कालवा. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत, अंतर आणि उंची, अंतर आणि उंची. मग तळ किती खडबडीत आहे त्याचा आकडा, मग पाणी किती सोडायचं ते. आणि हे बटण. बाकीचं डोकं तो चालवतो."

"आणि चुकलं तर?"

"लाल अक्षरांत ओरडतो. माझ्या आईसारखा."

काकू हसली. चष्मिसने तिला एक कोरी फाईल उघडून दिली, नाव दिलं 'सराव', आणि म्हणाली, "कुठलाही कालवा काढा. खोटा. मी मीटिंगला जाऊन येते."

काकूने चाचपडत रेघ ओढली. सरळ ओढायची होती, पण माऊसवरचा हात डावीकडे वळला, मग थोडा उजवीकडे. असू दे, म्हणाली, खोटाच तर आहे. पहिला छेद द्यायला मात्र तिला बराच वेळ लागला. उंचीच्या रकान्यात शून्यापासून सुरुवात करावी असं तिच्या मनात होतं आणि बोटांनी टाकला भलताच मोठा आकडा, डोंगरपायथ्याच्या गावाची समुद्रापासून उंची असावी तसा. तो पुसायचा तिला कंटाळा आला. दुसरा छेद सोपा गेला. तिसऱ्यापासून तर बोटं जी सुटली ती थांबेनात. डावा काठ ढासळलेला. इथे तळात एक पायरी. इथे उजवीकडे झाड उन्मळून पडल्यासारखा खळगा. मग बऱ्याच पुढे दोन्ही बाजूंनी कालवा आवळत आला, उजवीकडे सरळ उभी भिंत, आणि भिंतीच्या पायाशी तळात एक जाडजूड उंचवटा.

चष्मिस परतली तेव्हा काकूचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"अहो, एवढा कशाला केलात? चार छेद पुरले असते! आणि हा काय असला वेडावाकडा?"

"कुणास ठाऊक," काकू म्हणाली. "हात चालत गेला."

बटण दाबलं. सॉफ्टवेअर आधी लाल अक्षरांत ओरडलं, एका छेदात बिंदू उलटसुलट पडले होते. ते सरळ केल्यावर स्क्रीनवर कालव्याचा लांबट उभा नकाशा आला आणि त्यावरून निळं पाणी डावीकडून उजवीकडे पसरलं. छान चाललं होतं. फक्त त्या आवळलेल्या जागी पाणी फुगलं होतं आणि डाव्या काठावरून बाहेर पडत होतं.

"बघा, तुमचा कालवा लोकांच्या घरात शिरला," चष्मिस म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पुढच्या आठवड्यात सर्वेअर साइटवरून परतला. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला एक जुना कालवा पुन्हा सुरू करून त्यातून तलावाचं जादा पाणी खाली न्यायचं, असं ऑफिसकडे काम आलं होतं. सर्वेअर हा उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने मोजणीची फाईल चष्मिसला दिली आणि खुर्चीत पाय ताणून बसला.

"पूर्ण नाही झालं," तो म्हणाला. "शेवटी काटेरी झुडपं आहेत आणि लोकांनी टाकलेला कचरा. माणूस आत शिरत नाही. तिथपर्यंत मोजलंय."

चष्मिसने फाईल उघडली. कालव्याची रेघ डावीकडे वळली, मग थोडी उजवीकडे. काकू मागे उभी होती.

"अगं, माझी फाईल उघडलीस का तू?"

"नाही. ही त्यांची आहे."

"मग सराव उघड. शेजारी लाव."

चष्मिसने दोन्ही कालवे एकमेकांवर ठेवले. रेघेवर रेघ बसली. ढासळलेला डावा काठ, तळातली पायरी, झाडाचा खळगा. उंच्यासुद्धा त्याच. दोन रंग दिले होते, पण एकच रंग दिसत होता. चष्मिसने चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"काकू, तुम्ही यांचीच फाईल चुकून कॉपी केली असणार."

"मी तेव्हा साइटवर पोचलोही नव्हतो," सर्वेअर म्हणाला. तो आता खुर्चीतून उठला होता. "आणि जुना नकाशा म्हणाल तर कुणाकडे नाही. नाही म्हणून तर मला पाठवलं."

स्क्रीनवर सर्वेअरची रेघ झुडपांपाशी संपली होती. काकूची तिथून पुढे गेली होती, आवळत, आवळत, त्या भिंतीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू सर्वेअरबरोबर साइटवर गेली. चष्मिसला विचारलं तर तिने नकारार्थी मान हलवली. झुडपं तोडायला दोन मजूर घेतले होते. ऊन पांढरंफटक पडलं होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. कालव्याच्या तळाला वाळकं गवत माजलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं एका दिशेला निजलं होतं, वरून पाणी वाहत असावं तसं.

"वाऱ्याने असेल," सर्वेअर म्हणाला, आणि मग त्याने वाऱ्याकडे बघावं तसं इकडेतिकडे बघितलं.

काकू पुढे चालत होती. या जागी तिने जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं, पण पाय अडखळत नव्हते. "इथे पायरी आहे, सांभाळा," ती गवताकडे न बघता म्हणाली. सर्वेअरने काठीने गवत बाजूला केलं. पायरी होती. त्यानंतर तो तिच्या पुढे गेला नाही आणि शेजारीही आला नाही. दोन पावलं मागेच राहिला.

मजुरांनी झुडपांतून वाट केली. पलीकडे कालवा अरुंद होत गेला होता आणि उजवीकडून एक विटांची भिंत सरळ त्याच्या पोटात घुसली होती. समोरच्या डाव्या काठाला घरांची रांग लागली होती. एका परसात एक बाई दोरीवर धुणं वाळत घालत होती. ती वळली आणि तिच्या हातातली चादर खाली पडली.

"ताई? तुम्ही? तिथून कशा आलात?"

ती काकूची धाकटी जाऊ होती.

काकू दिराकडे नेहमी समोरच्या रस्त्याने यायची. परसामागे झुडपं आहेत एवढंच तिला ठाऊक होतं. त्यांच्या पलीकडे कालवा असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने जावेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग वाळक्या तळाकडे. सराव फाईलमध्ये पाणी काठावरून जिथे बाहेर पडत होतं, ती जागा त्या खिडकीच्या बरोब्बर खाली होती. भर उन्हात तिचे पाय घोट्यापर्यंत गार पडले.

संध्याकाळी दीर घरी आला तेव्हा काकू लॅपटॉप घेऊन बसली होती. जावेने चहा ठेवला होता, तो कुणी घेतला नव्हता.

"भाऊजी, मागची ती भिंत कुणाची?"

"माझीच," दीर म्हणाला. "पलीकडच्या काठावर गोदाम बांधलं ना, तेव्हा घातली. जागा वाया जात होती. का?"

"ती पाडावी लागेल."

दिराच्या कपाळावर आठ्या पडल्या. "वा, वहिनी! नोकरी लागून महिना झाला नाही, तर पहिला हातोडा घरच्यांवर?"

"त्या कालव्यात पाणी सोडणार आहेत. तुमच्या भिंतीशी ते फुगेल आणि या खोलीत शिरेल."

"हे तुमचं यंत्र सांगतंय?"

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. दीर वाकून बघू लागला, आधी हसत, मग नुसताच. त्याने भिंतीच्या पायाशी असलेल्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"मला नाही माहीत. तळ तिथे उंच आहे."

"वहिनी, खरं सांगा. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

दीर मटकन बसला. "भिंत झाल्यावर काँक्रीट उरलं होतं. कुठे टाकणार? तिथेच ओतलं, वर माती लोटली. मी आणि गवंडी, दोघांनाच माहीत. हिलासुद्धा सांगितलं नाही." त्याने बायकोकडे पाहिलं. "आणि गवंडी बिचारा वारला त्याला कितीतरी वर्षं झाली."

बाहेर दोरीवरचं धुणं हललं. वारा नव्हता. जाऊ उठली आणि तिने परसाचं दार लावून घेतलं.

"कधी पाडायची भिंत?" दिराने विचारलं.

ऑफिसात साहेबांना काकूने सगळं सांगितलं. काहीच हातचं राखलं नाही. साहेब व्यवहारी माणूस. त्यांनी शांतपणे ऐकलं, उरलेल्या भागाची मोजणी सर्वेअरकडून करून घेतली, काकूच्या फाईलशी ताडून पाहिली आणि ताडून झाल्यावर ती फाईल बंद केली. "आकडे खरे आहेत," ते म्हणाले. "ते कुठून आले याचा विचार मी घरी जाऊन करणार नाही. तुम्हीही करू नका." भिंत गेली, काँक्रीट फोडून उचललं, तळ सपाट झाला. चष्मिसने नव्या मोजणीवरून मॉडेल पुन्हा चालवलं. निळी रेघ खिडकीखालून सुतासारखी सरळ गेली. कुठे फुगवटा नाही, काही नाही.

चाचणीला थोडंसंच पाणी सोडायचं ठरलं. सकाळी सगळे काठावर उभे होते: साहेब, सर्वेअर, चष्मिस, दीर आणि जाऊ. पाणी अजून वळणापलीकडे होतं, दिसतही नव्हतं, तेव्हाच काकू म्हणाली, "आलं." क्षणभराने पाचोळा ढकलत गढूळ पाण्याची जीभ वळणावरून आली. तळावर पसरली. पायरीवरून उतरली. चष्मिसने टाळ्या वाजवल्या.

मग पाणी त्या खिडकीखाली पोचलं आणि थांबलं.

तिथे आता अडवायला काहीही नव्हतं. तरी पाणी उभं राहिलं. मागून येणारं पाणी त्यावर चढत गेलं, पाठ फुगवल्यासारखा त्याचा फुगा झाला आणि तो डाव्या काठाकडे कलला, घराच्या बाजूला. आवाज बंद पडला. वाहत्या पाण्याचा आवाज असा मधेच बंद पडतो हे त्यांच्यापैकी कुणी कधी ऐकलं नव्हतं. दिराने बायकोचा दंड घट्ट धरला.

"तलावाचं गेट बंद करा!" साहेब फोनवर ओरडले.

पाणी काठाच्या ओठापर्यंत आलं. तिथे ते थरथरलं, आत डोकावून बघावं तसं. आणि मग सावकाश, जणू कुणीतरी वाट सोडली, फुगा बसला आणि पाणी पुढे निघून गेलं. खळखळाट पुन्हा सुरू झाला.

पाणी ओसरल्यावर सर्वेअर स्वतः तळात उतरला. काठीने टोचून टोचून त्याने सगळी जागा पाहिली. तळ स्वच्छ होता. "काहीच नाही," तो वर येऊन म्हणाला. त्याच्या तोंडचा रंग उडाला होता. साहेबांनी अहवालात लिहिलं की पालापाचोळा अडकला असावा. सगळ्यांनी सह्या केल्या.

दीर-जाऊ त्याच महिन्यात वरच्या वस्तीत भाड्याने राहायला गेली. कालव्याकाठच्या घराला कुलूप आहे. कालवा चालू आहे आणि आजवर एकदाही काठाबाहेर आलेला नाही.

काकूने सराव फाईल पुसून टाकली. नोकरी सोडायचाही विचार केला होता, पण घरी बसून भिंतींकडे बघत राहण्याची भीती जास्त वाटली. तिने एवढंच ठरवलं की मनाने एकही आकडा टाकायचा नाही. आता नवं काम आलं की सर्वेअर शेजारी खुर्ची घेऊन बसतो आणि मोजणीचे आकडे मोठ्याने वाचतो. ती ऐकून टाकते. काम हळू होतं, साहेब कुरकुरतात, पण चालवून घेतात.

परवा डोंगरापलीकडच्या एका ओढ्याचं काम होतं. सर्वेअर वाचत होता, ती टाकत होती. एका छेदापाशी त्याचा वाचायचा चष्मा घसरला म्हणून तो थांबला. चष्मा नीट करून त्याने पुढचा आकडा बोलायला तोंड उघडलं आणि त्याची नजर स्क्रीनवर गेली.

त्याने न वाचलेले पुढचे आकडे तिथे आधीच भरलेले होते; त्याने ते एकेक करून मोजणीशी ताडून पाहिले.

"काय झालं?" काकूने विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती. हात मात्र कीबोर्डवर होते.

"काही नाही," तो हळूच म्हणाला. "बरोबर आहे. सगळा छेद बरोबर आहे. फक्त, काकू, जरा हात बाजूला घ्या."