पुसलेलं बेट

मित्रांनो, मी मांजरपाटाच्या जाड सुती कापडावर हातानं रंगवलेला एक जुना नकाशा आहे. पिंपळे गुरवच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या हिंदुराव सरांनी मला घरच्या फरशीवर अंथरून बनवलं. छापील नकाशात जगाचं वरचं टोक नीट दिसायचं नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर फक्त उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र आणि त्यातली निर्मनुष्य बेटं काढली.

"अहो, जिथं काळं कुत्रंही फिरकत नाही, तिथले नकाशे कसले काढताय?" त्यांच्या पत्नी चतुराबाई म्हणायच्या. तरी कापडाचे कोपरे त्याच धरून बसायच्या.

वर्गात मला फार मान होता. मुलं बहुतेक चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची. सर फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहावर छडी टेकवून सांगत, "इथं हिवाळ्यात चार महिने सूर्य उगवत नाही. झाड नाही, गाव नाही."

"म्हंजे सर, तिथं कंपनीपण न्हाई?" सनीनं विचारलं, तसा वर्ग हसला. सहावीतली योगिनी तेवढी हसली नाही. "मग नावं कुणासाठी ठेवली, सर?"

सरांनी छडी पुढच्या बेटावर सरकवली. योगिनी मात्र रोज मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उभी राहून एकेक नाव पाठ करू लागली.

पुढे वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा आला. मला गुंडाळून कपाटामागे टाकलं. कसरीनं माझी एक कड खाल्ली. उन्हाळे गेले, कुणी विचारलं नाही.

सर निवृत्त होणार त्या आठवड्यात योगिनी मोबाइल घेऊन आली. ती आता दहावीत होती. त्या द्वीपसमूहातलं बर्फाचं आणि मातीचं एक लहानसं बेट उपग्रहाच्या फोटोत दिसेनासं झालं होतं. ते वितळून गेलं होतं.

सरांनी मला उलगडलं. त्या बेटाचा मोहरीएवढा ठिपका शोधला. निळ्या रंगात कुंचला बुडवला आणि हात तसाच थांबला.

"राहू द्या ना, सर. कुणाला कळणारे?"

"नकाशानं खोटं बोलायचं नसतं, पोरी."

पण कुंचला त्यांनी तिच्या हाती दिला. शेवटी योगिनीनंच तो ठिपका निळा केला.

सर निवृत्त झाले, योगिनीही शाळा सोडून गेली. मी पुन्हा कपाटामागे आहे. माझी कीव करू नका, मित्रांनो. त्या बेटांवर तुम्ही कधी जाणार नाही, तरी त्यांची काळजी घ्या. त्यांच्या वतीनं तक्रार करायला तिथं कुणीच राहत नाही.