वरवटगादी डॉट कॉम

आमच्या घराच्या वाटण्या झाल्या त्या एका फोटोवरून. जमिनीवरून होतात, जावा-जावांवरून होतात, म्हशीवरून झालेल्याही मी पाहिल्यात. पण गादी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या फोटोवरून झालेली आमच्या वरवट बकाल गावातली ही पहिलीच वाटणी असावी.

फोटोतला माणूस म्हणजे माझे अब्बा, बशीर पिंजारी. कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. अब्बा आणि त्यांचे धाकटे भाऊ अकरमचाचा मिळून तो करायचे. ज्या साली बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली, त्या साली हा धंदा उलट वाढला. बियाण्याच्या पाकिटावर अळीचं काही चालणार नाही असं छापलेलं होतं, पण अळीला कुठं वाचता येतं? बोंडं आतून पोखरली गेली, हाती आला तो पिवळट कवडी कापूस, आणि व्यापारी त्याच्याकडं बघून नाक मुरडायला लागले. मग लोक सरकी काढून कापूस आमच्या दारात आणायचे आणि म्हणायचे, "इकून काय भेटते बशीरभाई, गादीच भरून द्या." त्या वर्षी अर्धं गाव आपल्या पिकावर झोपलं. मला फार वाईट वाटायचं. गिऱ्हाईक असताना दात काढायचे नाहीत, अशी अम्मीची सक्त ताकीद होती.

गावाचं असं झाल्यावर मी शहराकडं बघितलं. नांदुऱ्याला कॉम्प्युटर शिकत होते, तिथं कळलं की पुण्या-नागपूरच्या लोकांच्या पाठी फोमच्या गादीनं धरल्यात आणि आता त्यांना कापसाची गादी पाहिजे. म्हणून मी आमची वेबसाइट काढली. नाव घेतलं वरवटगादी डॉट कॉम. मालक म्हणून अब्बांचं नाव आणि गादी धरलेला फोटो टाकला, कारण आमच्याकडं सगळं अब्बांच्याच नावावर असतं. घर अब्बांचं, पिंजायची मशीन अब्बांची, वीज बिल अब्बांचं. अम्मीच्या नावावर काही नाही. तसं तिचं नावच कोणी वापरत नाही. आजी तिला दुल्हन म्हणायची, अब्बा 'यास्मीनची अम्मी' म्हणतात, गावासाठी ती 'बशीरच्या घरचे'. गादीची प्रत्येक खोळ मात्र तीच शिवते.

वेबसाइटच्या नावाचे पैसे दरसाल नव्यानं भरावे लागतात, हे अब्बांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण वाद घालायचा असला की अब्बा वऱ्हाडीत येतात, आणि व्यवहाराचं बोलायचं असलं की सगळेच.

"दरसाल? काऊन? तुहं नाव ठेवलं तवा अकिक्याले म्या एकदाच बकरा कापला. तुहं नाव अजून चालूच हाये ना?"

"अब्बा, हे नाव विकत नाही मिळत, वापरायला मिळतं. वर्षभर आपलं. भरलं नाही की गेलं."

"नाव जाते कुठं? मानूस मेला तरी नाव राह्यते."

तरी त्यांनी भरलं. ऑर्डरी यायला लागल्या. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस निवडून आम्ही शहरात गाद्या पाठवू लागलो. घरात बिर्याणी झाली. मी आपली हवेत. आणि मग चाचांनी मोबाइलवर वेबसाइट उघडली, वर-खाली केली आणि विचारलं, "माहा फोटो कुठं हाये?"

नव्हता. मी लावते म्हणाले. अब्बा म्हणाले, मोठ्याचाच असतो. चाचा म्हणाले, मशीन कोण चालवते? अब्बा म्हणाले, मशीन कोणाची हाये? संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर उकंडराव येऊन बसले होते.

उकंडराव म्हणजे गावचे माजी सरपंच. बागायतदार माणूस, भांडण कुठलंही असो, हिंदूचं की मुसलमानाचं, वाटणीला तेच लागतात. मोजून देतात, कोणाच्या बाजूनं झुकत नाहीत आणि चहा दोनदा घेतात. त्यांनी मशीन चाचांना दिली आणि खोळी शिवायची शेड आम्हाला. म्हणजे दोघांपैकी एकालाही एकट्यानं गादी करता येणार नव्हती, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. शेताचे दोन तुकडे केले. विहीर सामाईक ठेवली. आठ दिवस आमची बारी, आठ दिवस चाचांची. आमच्या पट्ट्यातलं पाणी इतकं खारट की चहाचाही सत्यानाश होतो, पण बारीच्या बाबतीत कोणी तडजोड करत नाही.

"अन् ते नाव?" चाचा म्हणाले.

उकंडरावांनी ते कुठं असतं, कसं दिसतं, कोणाच्या शिवारात येतं, हे सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला. "इहिरीसारखं सामाईक ठेवा. आठ दिवस बशीरभाईची बारी, आठ दिवस अकरमची."

मी म्हणाले, "काका, विहिरीतलं पाणी आटतं, म्हणून बारी लावतात. नाव काही आटत नाही. दोघांचे नंबर एकाच वेळी लावता येतात."

"पोरी, मोठ्यायच्या मधात बोलू नको." आणि भावांकडं वळून ते म्हणाले, "बाकी कायदा इहिरीचाच. ज्याच्या बारीत मोटर जळंन, त्यानं भरून द्यावं."

झालं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी अब्बांचा फोटो आणि नंबर काढून चाचांचा लावायचे. पुढच्या शुक्रवारी उलट. पुण्याच्या एका बाईंनी अब्बांकडं डबल गादी सांगितली. पुढच्या आठवड्यात चौकशीला फोन केला तर तो चाचांना लागला. चाचांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "ते दुसरे लोक होते बाई. त्याह्यच्या नादी लागू नका." त्या बाईंनी शेवटी फोमची घेतली. मी डोकं धरून बसले.

तेवढ्यात वर्ष भरत आलं. नाव भरायची आठवण मेलवर आली. मी दोन्ही घरी सांगितलं आणि दोन्ही घरी एकच हिशेब झाला: मोटर जळायला आली आहे, तेव्हा बारी आपली नसावी. मुदत संपायची तारीख अब्बांच्या बारीत येत होती. अब्बा उठून चाचांकडं गेले. "अकरम, या हप्त्याची बारी तूच घेऊन टाक. तुह्याकडं पाव्हणे आहेत, खर्च असंन."

"नाई भाईजान, तुमीच घ्या. तुमी मोठे."

"लहान्याचा हक अगोदर."

"माह्याकून नाई होनार असं पाप."

भावाभावांचं इतकं प्रेम मी ईदलाही पाहिलं नव्हतं. रक्कम म्हणाल तर एका खोळीच्या कापडाइतकी. प्रश्न रकमेचा नव्हताच. जो भरेल त्यानं आपल्या बारीत मोटर जळाल्याचं कबूल केलं, असं झालं असतं, आणि पिंजाऱ्यांची नाकं गादीपेक्षा जाड असतात. माझ्याकडं शिष्यवृत्तीच्या खात्याचं कार्ड होतं. मी भरते म्हणाले, तर अब्बा गरजले, "तू भरलं म्हंजे म्याच भरलं. खबरदार!"

मुदत संपली. वरवटगादी डॉट कॉमवर कुठल्या तरी परक्या जाहिराती दिसायला लागल्या. मी शेडमध्ये जाऊन रडले. गादीसाठी नाही, नावासाठी. ते मी शोधलं होतं, मी मांडलं होतं, त्याच्या प्रत्येक पानावर माझे हात लागले होते, आणि ते दोन म्हाताऱ्यांच्या ताठ्यापायी मरत होतं. अम्मी खोळ शिवता शिवता थांबली. पाण्याचा लोटा सरकवला आणि पुन्हा शिवायला लागली.

उकंडरावांना पुन्हा बोलावलं. मी त्यांना कोंडवाड्याचं उदाहरण दिलं. मोकाट जनावर कोंडवाड्यात जातं. काही दिवस मालकानं नुसतं सोडवून न्यायचं, मग दंड भरून न्यायचं, आणि तरी कोणी आलं नाही तर लिलाव, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. नावाचंही तसंच असतं.

"मंग सरळ बोल ना तसं!" उकंडराव खूश झाले. "बशीरभाई, अकरम, दंड भरून आना नाव सोडून."

दोघा भावांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. कोंडवाड्याचाही एक कायदा आहे. जनावर सामाईक असलं तर ते दोघांच्याही गोठ्यातून सुटलेलं नसतं.

मग एक दिवस नांदुऱ्याहून फोन आला. तिथल्या एका फोमवाल्या शोरूमचा मालक, आवाजात तूप. "बशीरभाई, तुमचं ते नाव सुटून राह्यलं म्हने. सुटलं की आम्ही घेऊन राह्यलो. म्हटलं, सांगून घ्यावं." आमच्या नावानं हा माणूस फोम विकणार होता. अब्बा "घे ना बे" म्हणून हसले, फोन ठेवला आणि जेवले नाहीत. थोड्या वेळानं चाचा आले. त्यांनाही फोन आला होता. दोघं ओट्यावर बसले. वाटण्यांनंतर पहिल्यांदा एका चटईवर.

"यास्मीन," अब्बा म्हणाले, "आता भर. माह्या नावानं भर."

"आता भरून नाही होत अब्बा. दंडाचीही मुदत गेली. आता ते कोणाचंच नाही. सुटलं की जो आधी पोचेल त्याचं."

अब्बांचा चेहरा पाहून माझा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला. तो कामाला येणार होता.

ज्या दिवशी नाव सुटायचं होतं, त्या दिवशी मी सकाळपासून कॉम्प्युटरपुढून उठले नाही. नाव टाकायचं, बघायचं, नाही. पुन्हा टाकायचं, नाही. वीज एकदा गेली तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते अब्बांनी ऐकले नाहीत असं दाखवलं. नांदुऱ्याचा तो फोमवाला असाच बसला असणार, त्याची वीज मात्र जात नसणार. दुपारी नाव पुन्हा टाकलं आणि पडद्यावर आलं की उपलब्ध आहे. मालकाच्या रकान्यात मी लिहिलं: यास्मीन बशीर पिंजारी. माझंच कार्ड, माझंच नाव. झालं, घेतलं.

संध्याकाळी उकंडराव आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वा! आता बशीरभाई, बारी कशी लावाची?"

"बारी नाही काका," मी म्हणाले. "दोघांचे फोटो शेजारी-शेजारी लावलेत, दोघांचे नंबर खाली. नाव माझं आहे. भांडले तर दोघांचेही काढीन."

उकंडरावांना पंच म्हणून काहीतरी काढायचं होतं. "पन पोरी, उद्या तुहं लगन होईन, तू सासरी जाशीन. मंग या नावाचं काय?"

"माझ्यासंगं येईल. विहीर थोडीच आहे ती."

उकंडरावांनी दुसरा चहा मागितला. दोघं भाऊ कोणाचा फोटो उजवीकडं हवा यावर हळू आवाजात घासाघीस करायला लागले. मी आत आले. अम्मी कॉम्प्युटरपुढं उभी होती. आजवर तिनं त्याला फक्त फडक्यानं पुसलं होतं.

"यास्मीन, असं कोनतंही नाव घेता येते?"

"सुटं असलं तर येतं."

तिनं दार लोटून घेतलं. मग बाहेर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खैरुन्निसा टाकून पाह्य बरं."

तिचंच नाव. मी टाकलं. दोघी वाट बघत बसलो. आलं: उपलब्ध आहे.

"असंनच," अम्मी म्हणाली. "मी या घरात आल्यापासून त्याले कोनी हात कुठं लावला." आणि तिनं खुर्ची ओढली. "घे. मालकाच्या जागी काय लिहाचं ते मी सांगतो."